उसातून रस्त्यावर आलेलं पाणी

माझ्या आक्के,

तू गेल्यापासून तुला लिहायचं धाडस झालं नव्हतं. पण काल आपल्या जळोचीच्या शेतात अशी लाज वाटली, की ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

इथिओपियाच्या एक बाई बारामतीत शेतीचं शिक्षण घ्यायला आल्यात. कॉलेजचे सर त्यांना घेऊन आले. ठिबक सिंचन बघायचं तर माझ्याकडंच येणार ना! तालुकाभर ठिबक विकतोय मी. घरापुढची डाळिंबं दाखवली, चहा पाजला, चार विनोद केले. माझं तोंड तुला ठाऊकच आहे.

बाई इंग्रजीत सांगत होत्या, सर मराठी करत होते. त्यांच्याकडं पूर्वी पाऊस महिना ओळखून यायचा. मग हंगामामागून हंगाम कोरडे गेले. गुरं मेली, बियाणं खाऊन संपलं. पाऊस आला तेव्हा असा आला, की पेरलेलं वाहून गेलं. त्या उपासमारीत त्यांचा धाकटा भाऊ गेला. थोरली बहीण गं ती, आक्के!

त्यांच्या गावात ना कारखाना, ना गाड्या. आभाळ बिघडवलं कुणी अन् भोगतंय कोण?

नंतर आम्ही रस्त्याकडं निघालो. कालव्याच्या पाण्याची पाळी होती. उसात पाणी सोडायचं दारं सकाळपासून उघडंच. ठिबक विकणाऱ्याच्या उसाला मोकाट पाणी! सऱ्या भरून, बांध फुटून ते रस्त्यावर आलेलं. पाळी आली की ओढून घ्यायचं, मग वाया गेलं तरी बेहत्तर, ही आपली रीत. मी बूट वाचवत चाललो होतो.

बाई मात्र वाकल्या अन् हातानं चिखल लावून बांध बुजवू लागल्या. सरांना इंग्रजीत हळूच म्हणाल्या, "यांच्या घरात कधी कुणी उपाशी राहिलेलं दिसत नाही."

सर माझ्याकडं वळले. "तात्या, मॅडम म्हणत्यात, ऊस लय झ्याक हाय!"

सरांना काय ठाऊक, ठिबक कंपनीच्या साहेबांचं ऐकून ऐकून माझे कान इंग्रजी शिकलेत! तरी मी म्हणालो, "व्हय व्हय, पाण्याला काय कमी न्हाय आपल्याकडं." आणि हसलोसुद्धा.

बहात्तरच्या दुष्काळात इंदापूरकडं दुष्काळी कामावर तू खडी फोडायचीस. तिथं खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायचीस. "खा रं, मी तितंच खाल्लीया." खाल्ली नव्हतीस ना? एकदा तरी खरं सांगायचं होतंस गं! आणि काल तुझी आठवण सांगायची वेळ आली, तर मी हसलो.

माझं दारं बंद केल्यानं बाईंच्या रानात थेंब पडायचा नाही, एवढं मला कळतं. पण म्हणून काय रस्ता भिजवत बसायचं?

शब्द देतो. यंदा ऊस तुटला की बुंध्यांना पुन्हा खोडवा फुटू देणार नाही, तिथं ज्वारी पेरणार. आणि परवा बाई मायदेशी निघायच्यात, त्याच्या आत बारामतीला जाणार, सरांना न घेता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगेन, "बाई, आमच्या घरात उपाशी राहिली होती. माझी बहीण. तिच्या वाटणीचं मी खाल्लं."

तुझा,
बाळू