रात्र कोरडी

३ ऑक्टोबर
आलो एकदाचा! वृद्धांच्या या इमारतीत खोली वरच्या मजल्यावर मिळाली, खिडकीतून थेट बंदर दिसतं. जन्मभर फेरीबोट चालवलेल्या माणसाला आणखी काय हवं? नर्स टूरिड चुणचुणीत आहे. तिने तब्येतीची वही दिली. झोप, जेवण, फिरणं, अंथरूण कोरडं की ओलं, सगळं रोज आपणच लिहायचं. बोटीवर आयुष्यभर नोंदी केल्या, ही वही म्हणजे किस झाड की पत्ती! नोंदी बिघडल्या तर मात्र तळमजल्यावर हलवतात. तिथल्या दारांना आतून कडी नाही. मुलगी रागन्हिल महिनाअखेरीस येईल.

९ ऑक्टोबर
अंथरूण ओलं झालं. या वयात! चादर चोरासारखी धुतली. वहीत लिहिलं, 'रात्र कोरडी'. वर 'धक्क्यापर्यंत फिरलो, चीज लावून पाव खाल्ला' असंही ठोकून दिलं. टूरिडने शाबासकी दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ ऑक्टोबर
पुन्हा ओलं. पुन्हा 'कोरडी'. टूरिड म्हणाली, "काय एइलर्ट, काल धक्क्यावर मी हात केला, तर ओळखसुद्धा दाखवली नाहीत! भाव खाता होय?"
काल मी खुर्चीतून उठलोही नव्हतो.

१८ ऑक्टोबर
पाव संपत चाललाय. मी खात नाही. दाराशी माझे बूट, वाळूने भरलेले. टूरिडला सांगावं, तर चादरींचंही सांगावं लागेल. जीभ रेटत नाही.

२३ ऑक्टोबर
पडलो. उठता येईना. टूरिड आली, टेबलाशी बसलेल्या कुणाचा तरी रक्तदाब घेतला, हसली, गेली. मी पलंगाआड जमिनीवर. हाक मारली नाही. विजार ओली होती.

२५
सरपटत वहीपर्यंत गेलो. खरं लिहिलं. ओलं. पडलो. आधीचं सगळं खोटं. मदत करा.
सकाळी त्या जागी — 'रात्र कोरडी. झोप छान.' अक्षर माझंच, पण तरुणपणचं, न थरथरणारं.

३०
रागन्हिल आली. दार टेबलाशी बसलेल्या त्याने उघडलं. म्हणते, "बाबा, किती छान दिसताय! मी उगाच जिवाला घोर लावून घेतला."
लाज गेली खड्ड्यात. हाक मारली — रागन्हिल, मी इथे —
वळली. पलंगाआड वाकली. माझ्याकडेच बघतेय —
"बाबा, इथे जमीन ओली आहे हो."
तो म्हणाला, असू दे, मी पुसतो. फडकं घेऊन येतोय — रागन्हिल, मी —