शून्य धरलेली ओढ

३ मार्च

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. काल गिऱ्हाइकाच्या घड्याळातला स्क्रू समजून बराच वेळ धुळीच्या कणाशी झटापट केली. २८ला ऑपरेशन आहे. सोबत घरचं माणूस हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. रजा मिळेल का? आणि तू नेमकं काय करतेस, ते एकदा नीट लिही. लोक विचारतात, मी ‘कंप्युटर’ म्हणून वेळ मारून नेतो.

लोभ आहेच, तो पत्रात दिसू दे.
बाबा

८ मार्च

ति. बाबांस, सा. न. वि. वि.

आमचं सॉफ्टवेअर तारे एकमेकांना कसे ओढतात ते दाखवतं. जड ताऱ्याजवळ घड्याळसुद्धा हळू चालतं. तिथे तुमची दुरुस्ती चालायची नाही! प्रत्येकाची प्रत्येकावरची ओढ मोजत बसलं तर मशीनला महिने लागतील. म्हणून जे फार लांबचं आणि हलकं, त्याची ओढ शून्य धरायची. हा नियम माझा. इथे त्याचं फार कौतुक झालं. नेमकं २८लाच तो मोठ्या लोकांना दाखवायचाय. ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलता येईल?

रागावा, पण लोभ कमी करू नका.
चिमणी

११ मार्च

चि. चिमणीस, अ. आ.

रागावतो कशाला? तारखेचं बघतो. मी चोपन्न किलो, हजार किलोमीटरवर. म्हणजे तुझ्या नियमात मीही बसतो की! थट्टा हं. बाकी जड जागी घड्याळ हळू चालतं, हे पटलं. तुझी आई गेल्यापासून इथली दुपार सरता सरत नाही. वेळेवर जेवत जा.

बाबा

१५ मार्च

ति. बाबांस, सा. न.

तुमची थट्टा डोक्यातून जाईना. जेवणाच्या सुट्टीत प्रोग्रॅममध्ये दोन ठिपके टाकले, एक तुम्ही, एक मी. नियमाने दोघांची ओढ शून्य धरली. कुणी जागचं हललं नाही. मग नियमच काढला, तेव्हा सरकले. चार लाख वर्षांनी भेटतात. एवढं थांबणं मला जमणार नाही. इथलं काम दुसऱ्याकडे सोपवलंय. २७ला सकाळी पोचते. तारीख हलवू नका.

तुमची चिमणी

१९ मार्च

चि. चिमणीस, अ. आ.

डोळ्यावर पट्टी आहे, ओळी वाकड्या गेल्या तर सांभाळून घे. तू पुढे ढकला म्हणालीस, मी अलीकडे आणलं. १४ची एक जागा रिकामी झाली होती. म्हटलं, पोरीच्या डोक्याला ताप नको. घरच्या माणसाची सही मीच केली. नातं विचारलं होतं, तिथे ‘स्वतः’ लिहिलं. नर्सबाई हसल्या, मग त्यांनीच मला धरून आत नेलं. घरी परतल्यावर दारात किल्ली काही केल्या लागेना, तासभर पायरीवर बसून होतो. तेव्हा तुझी फार आठवण आली.

तुझं पत्र काल आलं. आता इथे तुझ्यासाठी काहीच काम उरलेलं नाही. नुसती ये.

बाबा