बाजारातल्या बायकांची तहान

प्रिय आईस जयभीम,

मी खुशाल आहे, डबा वेळेवर येतो.

मी कामाला आहे त्या नगरपंचायतीत यंदाच्या कामांची यादी ठरत होती. स्वागतकमान पहिली होती. बाजारातल्या बायकांना काय हवं ते विचारलं, तर सगळ्या “काही नको” म्हणाल्या. मला चैन पडेना. आठवडी बाजारात उन्हात तांब्या घेऊन फिरले, पण एकाही भाजीवालीने पाणी घेतलं नाही. त्यांच्यातल्या भागिरथाबाई हळूच म्हणाल्या, “पानी पेलं त मंग जाचं कुठी, पोरी?”

ऐकलं तसंच लिहायचं, हे तूच पाटीवर शिकवलंस. पुढच्या सभेत मी ते वाक्य वाचून दाखवलं. आता कमानीआधी बाजारात बायकांचं शौचालय होणार आहे.

आई, तू शेलूबाजारला भाजी घेऊन बसतेस, तेव्हा दिवसभरात पाणी पितेस का? खरं कळव.

तुझीच,
धम्मदीपा