गार इंजेक्शन

माधव नगर, मंगळवार संध्याकाळ

इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय. माझं दम्याचं इंजेक्शन फ्रिजमध्ये नव्हतं. सापडलं कुठे? देवघरात, समईजवळ! सासूबाईंनी सकाळीच बाहेर काढून ठेवलेलं. का, तर म्हणे, "अगं, गार औषध छातीत गेलं की दमा वाढणारच ना! म्हटलं, जरा कोमट होऊ दे."

कोमट! या उकाड्यात, दिवसभर! फ्रीगंजच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "अब ये मत लगाना।"

त्यांनीच मागे नीट समजावलं होतं. इंटरल्युकिन म्हणजे शरीरातला निरोप्या. माझा निरोप्या चोर नसतानाच "चोर, चोर" म्हणून ओरडतो, मग रक्तातल्या पेशी धावून येतात आणि श्वासनळ्या सुजतात. इंजेक्शन त्या निरोप्यालाच गप्प करतं. सासूबाई शेजारी बसून मान डोलवत होत्या. आणि लक्षात काय ठेवलं? गार! टोचतात दंडात, आणि यांना काळजी छातीची.

आज मी ओरडले त्यांच्यावर. लग्नानंतर पहिल्यांदाच. ओरडता ओरडता धाप लागली, छातीत शिट्टी वाजायला लागली. त्याच धावत गेल्या, पंप आणून माझ्या हातात कोंबला. ओढला तेव्हा कुठे श्वास आला. मग लक्षात आलं, पंप गरम आहे.

आत्ता जाऊन पाहिलं. तोही त्या स्वतःच्या शालीत गुंडाळून ठेवतात. आता यावर ओरडायचं तरी काय, कपाळ?