गट पाडायचे आहेत, पालकांनी यावे

साखरखेर्ड्याच्या अलीकडे, रविवार

तीर्थरूप आशा आत्या,

सुचिताचा नमस्कार. वाकून केलाय असं समजून घ्या. प्रत्यक्षात कंबर अशी धरली आहे की भिंतीला टेकून लिहिते आहे. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? संग्रामपूरच्या बाजारातलं ते तेल अजून लावता, की तेलवालाच आता गुडघे धरून बसतो? इकडे सर्व क्षेम, म्हणजे मी सोडून.

कमरेचं कारण प्रशिक्षण. 'गटखेळातून सहकार्य', दिवस तीन. चाळीस शिक्षकांनी गोल उभं राहून एकमेकांचे हात आडवेतिडवे धरायचे आणि हात न सोडता ती गाठ सोडवायची. (आमची सुटली नाही. जेवण वाढल्याची हाक आली तेव्हा आपोआप सुटली.) पुढचा आदेश असा, की दर शनिवारी शाळेत असे खेळ घ्यायचे ज्यात कुणी एकटा जिंकत नाही, कुणी एकटा हरत नाही, आणि पहिल्या शनिवारी पालकांना बोलवायचं. मला खरंच कुतूहल होतं. ज्या गावात कॅरमसुद्धा तंट्याशिवाय संपत नाही, तिथे असला खेळ दिसेल तरी कसा?

म्हणून पालकांच्या व्हॉट्सॲपवर टाकलं, "शनिवारी सकाळी आठला मुलांचे गट पाडायचे आहेत. पालकांनी यावे." एवढंच. आत्या, वीस वर्षं नोकरी करून मला हे कळू नये, की गावच्या सोसायटीची निवडणूक पंधरा दिवसांवर असताना 'गट' या शब्दाला इथे एकच अर्थ असतो! (आमच्या खात्यात साहेबांनाच गटशिक्षणाधिकारी म्हणतात, त्यामुळे आमचे कान मेलेले.) पालकसभेला कधी न फिरकणारे झाडून सगळे हजर. उकंडराव आपली माणसं घेऊन कडुनिंबाखाली, किसनराव आपली घेऊन हापशीजवळ. उकंडराव म्हणाले, "बाई, गट पाडाले तुमी कायले तरास घेता? आमी काय मेलो काय?"

मुलांनी आपापले बाप कुठे उभे आहेत ते पाहिलं आणि गट पाडून टाकले. मला शिट्टीही वाजवावी लागली नाही. अकरा इकडे, नऊ तिकडे. मधे एकटी मलिहा. तिचे वडील सईदभाई शिलाई मशीन दुरुस्त करतात, आणि मशीन दोन्ही गटांत बिघडतं, म्हणून त्यांना गट परवडत नाही.

खेळ ताडपत्रीचा. सगळ्यांनी भोवताली कडा धरायच्या, वर चेंडू, मधोमध भोक. (भोक वेगळं पाडावं लागलं नाही, उंदरांचं सहकार्य लाभलं.) चेंडू भोकात न पडू देता कडेकडेनं फिरवायचा. त्यासाठी चेंडू आपल्याकडे येताना कड खाली न्यायची, पुढे गेला की वर उचलायची. पण खाली न्यायला कोण तयार? कडुनिंबाखालून हुकूम, "झुकू नका बे!" हापशीकडूनही तोच. दोन्ही कडा आभाळात आणि चेंडू नऊ वेळा भोकात.

"मंग हारलं कोन?" किसनरावांनी विचारलं. मी पुस्तकातलं सांगितलं, यात हरले तर सगळेच हरतात. उकंडराव भडकले, "सारेच हारले? हेच शिकवता तं आमी पोट्टे इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो." यावर किसनराव म्हणाले, "हाव, बराबर हाय उकंडरावचं." अकरा वर्षांत दोन गटांचं पहिलं एकमत! प्रशिक्षणाचा हेतू सफल. माझा पट एकवीस. त्यातले वीस गेले तर शाळेत मी आणि मलिहा उरतो, आणि लवकरच नुसतं कुलूप.

बाप माझ्याशी भांडत होते तेवढ्यात मागे गलका झाला. वळून पाहते तर मुलं एक इकडचा, एक तिकडचा अशी ताडपत्रीभोवती उभी, आणि मलिहा आपली कड धरून ओरडते आहे, "झुक, झुक, आता उचल!" चेंडू तीन फेऱ्या फिरला. बापांपैकी एकानंही पाहिलं नाही. नंतर उकंडरावांच्या शिवमला मी विचारलं, आधी असं काऊन नाही केलं रे? तो म्हणाला, "आधी आमी सोसायटी-सोसायटी खेळून राह्यलो होतो बाई. चेंडू मंग खेळलो."

हे वाक्य मी कालपासून उलटसुलट करून पाहते आहे. त्यांना येतच होतं, तर माझी कंबर कशासाठी मोडली?

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मधल्यांनी काय हवं ते उचलावं.

तुमची भाची,
सुचिता

ता. क. पोरांचे दाखले काढायचा अर्ज उकंडराव-किसनराव दोघांनी आज मिळून आणला (एकच कागद, खाली दोन सह्या). मी आठवडा मागून घेतला. येत्या शनिवारी बापांनीच ताडपत्री धरायची; चेंडू एक फेरी फिरला तर पोरं इथेच राहतील. दोघेही लगेच तयार झाले, कारण दुसरा झुकणार नाही याची दोघांनाही खात्री आहे. आत्या, तुम्ही या शाळेवर होतात तेव्हा हे दोघे चौथीला तुमच्याच वर्गात होते. अजून तुमचं नाव निघालं की उकंडराव विडी विझवतात. तुम्ही फक्त यायचं आणि "झुका" म्हणायचं. गुडघ्यासकट या, खुर्ची ठेवते.

आणखी ता. क. या खेपेस 'गट' शब्द टाळून ग्रुपवर लिहिलं, "शनिवारी चेंडू. पालकांनी यावे." लगेच किसनरावांचा फोन, "बाई, चेंडू कोनाची निशानी हाय?" मी सांगून टाकलं, आशाबाईंची. गावभर झालंय. आता आला नाहीत तर तुमचं डिपॉझिट जप्त.