तुमच्या दादांचं पावर स्टिअरिंग

मु. पो. पावस, जि. रत्नागिरी
२ जून

चि. विनीतभावजींना मथुरावहिनीचा आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आहे, तुमचे दादा स्वतःच्या मते ठीक आहेत आणि ट्रॅक्टर पुढून थोडा चेपला आहे. सौ. ईशाचं पित्त कसं आहे? आमसुलं संपली असतील तर कळवायला सांगा, यंदाची वाळून तयार आहेत. आरोहीचा बारावीचा निकाल चांगला लागल्याचं सोनूबाईकडून कळलं. सोनूबाई शेजारीण आहे आणि तुम्ही सख्खे दीर, तेव्हा उलट झालं असतं तर जास्त बरं वाटलं असतं. पण तुम्ही फोन उचलत नाही त्याला आज बावीस दिवस झाले. म्हणून पत्र. (उचलला असतात तरी उपयोग नव्हता. फोन आला की तुमचे दादा तो स्पीकरवर टाकतात आणि माझं बोलणं स्वतःच बोलतात.) कागदोपत्री अर्धा ट्रॅक्टर तुमचा आहे, त्यामुळे त्याची निदान अर्धी हकिगत ऐकून घेण्याचं तुमच्यावर बंधन आहे. मी पूर्ण सांगते.

दादांचा उजवा खांदा गेल्या वर्षी आखडला हे तुम्हाला माहीत आहे. हात वर जात नाही, शर्ट मी चढवते. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा आणि पुढे तीन महिने ट्रॅक्टरला हात लावू नका. दादांनी त्यातलं फक्त दुसरं वाक्य ऐकलं आणि डॉक्टर बदलला. तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात की दादा, तो ट्रॅक्टर विकून टाकू, नाहीतर एक दिवस तू त्याच्याखाली येशील. तुम्ही काळजीनं बोललात हे मला कळलं. आवाज मात्र भाडेकरूला खोली रिकामी करायला सांगावी तसा होता. तो दादांना लागला. दुसऱ्या दिवशी पेज पिता पिता त्यांनी जाहीर केलं की ट्रॅक्टर विकायचा नाही, खांदा कापायचा नाही, स्टिअरिंग जड आहे तर स्टिअरिंग हलकं करायचं. आरोहीपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या ट्रॅक्टरला पावर स्टिअरिंग बसतं का, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी मला तीस वर्षं बोटीवर सुकाणू कोणी धरलं होतं, असं विचारलं. हा प्रश्न आमच्या घरात कुठल्याही विषयावर येतो. मागे कुकरची शिट्टी अडकली तेव्हाही आला होता.

सामान त्यांनी मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणलं, मोडीत काढलेल्या मासेमारीच्या लाँचचं. ते घरात आलं तेव्हा चार दिवस पडवीत बांगड्याचा वास होता आणि मांजर पंपापासून हलत नव्हतं. बसवायला आपला शिवा मेकॅनिक आला. आता हे कसं असतं ते मला पाठ झालंय, तर सांगते. इंजिनाला पट्ट्यानं एक पंप जोडायचा, तो तेल दाबतो. ते तेल दोन रबरी पाईपांतून पुढच्या चाकांपाशी जातं. एका पाईपातून गेलं की चाकं उजवीकडे, दुसऱ्यातून गेलं की डावीकडे. एवढं सोपं. शिवा जेवायला गेला असताना दादांनी मदत म्हणून दोन्ही पाईप स्वतः लावले, डाव्या हातानं. उजव्याचे पाईप डावीकडे लागले.

शिवा आला, बघितलं आणि म्हणाला, "काका, पाईप उलटे लागलेत. दोन मिनिटांचं काम हाय, फिरवतो." एवढ्यावर मिटलं असतं. पण माणसाची चूक दुसऱ्यानं काढली की ती चूक राहत नाही, निदान तुमच्या घराण्यात तरी. दादा म्हणाले, उलटे नाहीत, बरोबर आहेत. आबांच्या होडीच्या सुकाणूचा दांडा डावीकडे दाबला की होडी उजवीकडे जायची, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे; स्टिअरिंगची खरी रीत तीच, मोटारवाल्यांनी ती बिघडवली. (मोठ्या बोटीवर चक्र होतं आणि ते चांगलं सरळ होतं. मी लग्नानंतर फोटोत पाहिलंय.) मग ते ट्रॅक्टरवर बसले, एका बोटानं चक्र रस्त्याकडे वळवलं आणि अंगणाच्या फाटकाचा, आपल्या बेड्याचा, डावा खांब पाडला. चिऱ्याचा होता, आबांनी बांधलेला. खाली उतरून म्हणाले, किती हलकं झालंय बघ.

पुढचे आठ दिवस त्यांनी खळ्यात ट्रॅक्टर फिरवला. खोटं कशाला सांगू, नवव्या दिवशी ते उलट्या स्टिअरिंगवर असा चालवायला लागले की आंब्याच्या कलमांमधून जाताना पानही हललं नाही. तालुक्यात तो ट्रॅक्टर चालवू शकणारा एकच माणूस उरला, आणि त्याचं त्याला फार समाधान होतं. तेवढ्यात तुम्ही ट्रॅक्टरला लांज्याचं गिऱ्हाईक ठरवलंत, आणि शिवाला परस्पर फोन करून पाईप सरळ करायला लावलेत. शिवानं केले. दादांना सांगायचं तेवढं दोघेही विसरलात. शुक्रवारी सकाळी दादांनी आपल्या रीतीनं चक्र वळवलं आणि बेड्याचा उजवा खांब गेला. आता बेडं फार रुंद वाटतं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. पांढरी पँट घालून आले होते. चहा, सरबत, फणसाचे गरे, सगळं रीतसर झालं. दादांनी त्यांना सिंगापूरच्या वादळाची गोष्ट सांगितली, ती तुम्हाला माहीतच आहे, पाऊण तासाची. मग ते गृहस्थ ट्रॅक्टरवर बसले, रस्त्याकडे वळायला गेले आणि सावकाश, अगदी सावकाश, शेणखताच्या खड्ड्यात उतरले. कमरेपर्यंत. लागलं काही नाही. सोनूबाईनं पाणी दिलं. पाईप पुन्हा उलटे कसे झाले, कोणाला कळलं नाही. तुम्ही मात्र फोनवर दादांना म्हणालात की हे तू मुद्दाम केलंस, एका माणसाला जखमी करायला निघाला होतास, आणि इतकी वर्षं तुला मोठा भाऊ मानलं ते चुकलं. फोन स्पीकरवर होता. दादांनी ग्रामदेवीची शपथ घेतली, तुम्ही फोन ठेवलात.

त्या दिवसापासून दादा ट्रॅक्टरवर बसलेले नाहीत. शिवानं पाईप सरळ केले, पुढचा पत्रा तेवढा तसाच आहे. मी म्हटलं, बसा की. तर म्हणाले, अर्धा माझा नाही. जेवतात, झोपतात, सिंगापूरची गोष्ट काढत नाहीत. भावजी, ती गोष्ट मी हजारदा तरी ऐकली असेल. घर इतकं गप्प मला सोसत नाही.

तर हे असं आहे. बाकी क्षेम. ईशाला आणि आरोहीला माझा आशीर्वाद. राग गिळून एकदा फोन करा, एवढंच.

तुमची,
मथुरावहिनी

ता. क. नुसता फोन करू नका. त्यांना मुंबईला बोलवा, खांद्याचं ऑपरेशन करून घ्या आणि तीन महिने तिकडेच ठेवा. तुम्ही बोलावलंत तर येतील. माझं ऐकत नाहीत. डॉक्टर आता आणखी बदलायला शिल्लक नाहीत.

ता. क. भातलावणीआधी मळ्यात चिखलणी कोण करणार, असं तुम्ही विचाराल. मी. दादा दर सोमवारी-गुरुवारी खांदा शेकायला एसटीनं रत्नागिरीला जायचे, तेव्हा मी शिकले. स्टिअरिंग इतकं हलकं आहे की पोळी लाटायला जास्त जोर लागतो. मला आधी काहीच चालवता येत नव्हतं, त्यामुळे उलटं काय आणि सरळ काय, दोन्ही येतं. म्हणून तो विकायचा नाही.

ता. क. दादांनी खोटी शपथ घेतलेली नाही. सिंगापूरचं वादळ चालू होतं तेवढ्यात पाईप मी फिरवले. एकोणीस नंबरचा पाना लागतो. गिऱ्हाईक गडग्याच्या दगडांना थडकून परत जाईल, एवढाच माझा अंदाज होता. खड्ड्याचं माझ्या डोक्यात नव्हतं, त्याचं मला वाईट वाटतं. माझी निळी साडी तेलानं गेली. तुम्ही जे जे दादांना बोललात ते सगळं माझं होतं, तेव्हा मला बोला आणि त्यांची माफी मागा.

ता. क. माफी मागताना खरं मात्र सांगू नका. त्यांची समजूत झाली आहे की ट्रॅक्टरलाच घर सोडून जायचं नव्हतं. रोज सकाळी त्याच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहतात. डावा हात, उजवा तेवढाही उचलत नाही.