कडेच्या ओळीतले टोमॅटो

प्रिय खिन सो,

फोन केला असता, पण माझा आवाज ऐकताच तू तो ठेवून दिला असतास. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पाइंगच मोठ्यानं वाचत असणार. पाइंग, तुझी आई "पुरे" म्हणाली तरी थांबू नकोस रे बाळा. गेल्या उन्हाळ्यात टोमॅटोच्या फुलांवरून मी तुझ्या आईवर चार माणसांत आळ घेतला, त्याबद्दल आहे हे. ते तिनं शेवटपर्यंत ऐकायला हवं.

आधी इकडचं सांगते. सरोवराचं पाणी यंदा लवकर उतरलं. तुझं बंद घर ठीक आहे. दर पाच दिवसांनी बाजार भरतो त्या दिवशी बा थॉ परत येताना होडी तुझ्या पायऱ्यांना लावतो, शेवाळ घासतो, खिडक्या उघडून वारा देतो. मला यातलं काही कळू नये असं त्याला वाटतं. घरी आल्यावर मी विचारते, "आज उशीर?" तर म्हणतो, "बाजारात गर्दी होती." चाळीस वर्षं झाली, माझ्या नवऱ्याला अजून धड खोटं बोलता येत नाही.

आपण दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या घरांच्या रांगेत आलो. तुला सगळं येत होतं, कारण तुझ्या वडिलांचे सरोवरावर तरंगते वाफे होते. मी विणकऱ्यांच्या घरातली, मला तसल्या वाफ्यावर पाय ठेवायलाही भीती वाटायची. तळाचं शेवाळ बांबूला गुंडाळून वर कसं ओढायचं, वाफा वाहून जाऊ नये म्हणून खांब कुठे रोवायचे, पाऊल कुठे टाकलं की माणूस गुडघ्यापर्यंत आत जातो, हे सगळं तूच शिकवलंस. पहिल्या वर्षी मी तीनदा पाण्यात पडले आणि तिन्ही वेळा तू आधी पोटभर हसलीस आणि मग हात दिलास. पण खरं सांगू? मला तुझा राग यायचा. तू नेहमी बरोबर असायचीस. माझ्या कच्च्या टोमॅटोच्या कोशिंबिरीतलं मीठसुद्धा तुला न चाखता कळायचं. माणसानं इतकं बरोबर असू नये गं, शेजारच्याला जगणं अवघड होतं.

गेल्या उन्हाळ्यात तेच झालं. माझा वाफा तुझ्या वाफ्याला लागून, होड्यांच्या वाटेवर होता. मोटरच्या होड्या वाढल्यापासून दिवसभर लाटा यायच्या, वाफा डुचमळायचा, झाडं थरथरायची. एक-दोन झाडं मोडलीसुद्धा. मी म्हटलं, हा काय छळ आहे! खांब उपटले, वाफा बा थॉकडून ओढून घेतला आणि घराच्या मागे, लव्हाळ्यांच्या आडोशाला नेऊन बांधला. तिथलं पाणी हलतच नाही. वर हौसेनं तिप्पट शेवाळ आणि गाळ घातला. तू होडी थांबवून म्हणालीस, "अगं, बाळंतिणीसारखं काय खायला घालतेस त्यांना? नुसती पानं सुटतील. आणि इथं वारा नाही की लाट नाही. फूल हललं नाही तर फळ धरेल कसं?" मी म्हणाले, "माझी झाडं आहेत, माझी मी बघीन." तू होडी वळवून निघून गेलीस.

झाडं कशी माजली होती, आठवतं? हिरवीगार, हातभर पानं. फुलांचे घोसच्या घोस. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायची. मग फुलं गळायला लागली. फुलाच्या मागे देठाला बारीक पेर असतं ना, तिथे पिवळं पडायचं आणि बोट लावलं की फूल हातात यायचं. त्या वर्षी उकाडा रात्रीसुद्धा उतरत नव्हता, त्यामुळे सगळ्यांचीच थोडीफार फुलं गेली. पण माझी सगळी जात होती. सकाळी जावं तर वाफ्याभोवती पिवळ्या फुलांचा तवंग. मी रडकुंडीला आले होते. आणि सारखं मनात यायचं, हे खिन सोला आधीच कसं ठाऊक होतं?

अशात एक दिवस, दव नुकतंच वाळलं होतं, मी मागच्या खिडकीत आले आणि तू दिसलीस. वाफ्याच्या कडेला होडी लावून, हातात बारीक बांबू घेऊन झाडांच्या आधारकाठ्यांवर टक टक मारत चालली होतीस. एक काठी झाली की पुढची. तुझ्या प्रत्येक फटक्याबरोबर दोन-चार फुलं पाण्यात पडत होती. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मी कसली किंचाळले, अख्खी रांग खिडक्यांत आली.

पुढचं तुला सांगायला नको, पण पाइंग तेव्हा इथे नव्हता, त्याला सांगायला हवं. मठाच्या ओसरीवर गावातले तीन वडीलधारे बसले होते. तुझी आई म्हणाली, "मी झाडं हलवत होते, फळ धरावं म्हणून. आतल्या पाण्यात त्यांना हलवायला कोणी नाही." लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी. म्हणाले, "झाड हलवून फळ धरतं होय? मग पाळण्यात घालून झोके दे की!" त्यावर तर ओसरी दणाणली. वडीलधाऱ्यांनी ठरवलं की खिन सोनं दुसऱ्याच्या वाफ्याजवळ होडी न्यायची नाही. त्यांची तरी काय चूक? चाळीस वर्षांची मैत्रीण शपथेवर सांगत होती. बाजारातल्या बायका तिला "फुलं पाडणारी" म्हणायला लागल्या. महिन्याभरात तिनं वाफा देऊन टाकला. घेणाऱ्यानं तो दोन होड्यांना बांधून ओढत नेला तेव्हा ती दारात उभी होती, आणि मी खिडकीच्या आड. दुसऱ्या दिवशी ती डोंगरावर तुझ्याकडे, टाउंजीला निघून आली.

खिन सो, आता जे सांगते ते बा थॉशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तू गेल्यावर बारा-पंधरा दिवसांनी मी वाफा मोडायला गेले, तोवर तिकडे फिरकलेही नव्हते. आतल्या सगळ्या ओळी वांझ. पानं बाजूला केली तरी एक फळ नाही. आणि पाण्याकडची शेवटची ओळ, जिथपर्यंत होडीतून तुझा हात पोचत होता, ती फळांनी लगडलेली. हिरवे, लिंबाएवढे टोमॅटो, प्रत्येक घोसाला तीन, चार. जी काठी तू ठोकली होतीस तिथे फळ होतं. मी ओरडले त्या काठीनंतर काही नव्हतं. मी तिथे वाफ्यावरच बसले. खालून पाणी येऊन लुगडं भिजलं तरी उठवेना. पडत होती ती आधीच गेलेली फुलं होती. राहिलेल्यांना तू वाचवत होतीस, आणि तेही मी तुला तोंडावर झिडकारल्यानंतर.

बा थॉनं ते टोमॅटो बघितले आणि एवढंच म्हणाला, "आता मठात जाऊन सांग." मी म्हणाले, "सांगते, सण होऊ दे." सण झाला. मग म्हणाले, पाऊस जाऊ दे. मग भाताची कापणी, मग थंडी. मला लाज वाटत होती गं. ज्या तोंडानं ओसरी हसवली त्याच तोंडानं तिथे कसं बोलू? त्या टोमॅटोंतला एकही मी खाल्ला नाही. बा थॉनंही नाही. ते वेलीवरच... झाडावरच पिकून पाण्यात पडले. बघ, लिहितानाही माझं धड चालत नाही.

आता आजच का लिहिते आहे ते सांगते. काल आमच्याकडे सरोवरापलीकडचे ऊ सान ल्विन आले होते. पाइंग शिकवतो त्याच शाळेत त्यांची मुलगीही शिकवते, ती आणि पाइंग काय ते तुम्हाला माहीतच असेल. चटईवर बसून ते सरळ म्हणाले, "मुलगा सोन्यासारखा आहे. पण त्याच्या आईबद्दल बाजारात भलतंच ऐकलं. तुम्ही शेजारी, खरं काय ते तुम्ही सांगा." आणि खिन सो, मी चहा ओतायला वळले. ते थोडा वेळ थांबले, म्हणाले, "समजलो," आणि चहा तसाच ठेवून उठले. त्यांची होडी सुटल्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं, की एक सबंध वर्ष मी हेच करत आले आहे. बा थॉ घरात नव्हता. मी लहान होडी काढली, या गुडघ्यांनिशी, आणि वल्हवत मागे लागले. बाजाराचा दिवस, वाट होड्यांनी भरलेली. मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, घसा फाटेपर्यंत ओरडून सांगितलं की खिन सो खरं बोलत होती आणि खोटी मी आहे. ऊ सान ल्विननी होडी थांबवून ते ऐकलं. आज सकाळी मठाच्या ओसरीवर पुन्हा सांगितलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. हे पत्र ज्यांनी तुझ्या हातात दिलं, ते गृहस्थ ऊ सान ल्विनच आहेत. लग्नाची तारीख विचारायला आलेत, त्यांना दारात उभं ठेवू नकोस. त्यांच्याबरोबर मीही आले आहे. वर यायचा धीर झाला नाही, हे शेवटचं खाली पायरीवर बसून लिहिलं, तिथेच बसले आहे. तू हाक मारलीस तरच येईन.

तुझीच,
टिन न्वे